कपाटावरची कवटी, माजघरातलं शिंग

पत्र पाटण तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, तीन आठवड्यांपूर्वी आठवीतली तीन मुलं पोत्यात घालून एक भलीमोठी कवटी घेऊन आली. गव्याची. दोन्ही शिंगं जागेवर. गावावरच्या ओढ्यात सापडली म्हणाली. मांस नाही, वास नाही, नुसतं हाड. शिंगांच्या बुडाशी आणि नाकाडाच्या हाडावर मात्र बारीक बारीक समांतर रेघा आहेत, कुणी पटाशीने खरवडल्यासारख्या. सोबत साळिंदराचे पाच-सहा काटे होते. मी सगळं प्रयोगशाळेतल्या कपाटावर मांडलं, पुठ्ठ्यावर नाव लिहिलं. मुलं खूश, मीही खूश. परवा एक पालक म्हणाले, 'बाई, हे ठेवलंत तर आत जाल.' मुख्याध्यापक म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. शिपाई म्हणतो, रात्रीतून कोयनेत टाकून येतो. आम्ही काही मारलं नाही, विकलं नाही. मेलेल्या जनावराचं हाड उचलणं हा गुन्हा कसा होतो?

या भीतीतून दुसरी भीती निघाली. सासरी माजघराच्या भिंतीवर आजेसासऱ्यांच्या वेळचं सांबराचं शिंग आहे, लाकडी पाटीवर बसवलेलं. एक सुटा तुकडा सासूबाईंच्या सहाणेपाशी असतो, कुणाची बरगडी धरली की त्या उगाळून लावतात. मामा म्हणजे माझे सासरे म्हणतात, 'ते कायद्याच्या आधीचं आहे, त्याला कोण विचारतंय.' खरं काय आहे?"

ताई,

आधी शिपायाला थांबवा. पुढचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल, पण ती कवटी कोयनेत जाता कामा नये. आज तुमच्याकडे आहे ती उशिरा कळवलेली वस्तू. नदीत गेली की ती नाहीशी केलेली वस्तू होते आणि त्याला कायद्यात वेगळी मनाई आहे. शिवाय तीन मुलं, एक पालक, मुख्याध्यापक, शिपाई आणि तुम्ही, इतक्या जणांना ठाऊक असलेली गोष्ट पाटणसारख्या ठिकाणी किती दिवस झाकून राहील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याचं ३९वं कलम म्हणतं की रानटी प्राण्याची शिकार झालेली असो किंवा तो मेलेला सापडलेला असो, तो शासनाची मालमत्ता आहे. 'मेलेला सापडलेला' हे शब्द कलमातच आहेत. त्याच्यापासून निघालेलं सगळं त्यात येतं. कातडं, हाड, शिंग, सुळा, नख, दात, केस, पीस, अंडं, इतकंच काय घरटंसुद्धा कायद्याच्या व्याख्येत नाव घेऊन घातलेलं आहे. अशी वस्तू कुठल्याही मार्गाने ताब्यात आली तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी असल्याशिवाय ती ठेवायची नाही, कुणाला द्यायची नाही, विकायची नाही आणि मोडायची-जाळायचीही नाही. म्हणजे ओढ्यातल्या त्या कवटीचा मालक होता. तो मुंबईत बसतो, एवढंच.

तुम्ही म्हणाल, हा अन्याय झाला, आमचा हेतू तर चांगला होता. हेतूवर माझा विश्वास आहे. पण मी बत्तीस वर्षं वनखात्यात काढली आहेत आणि हेतूचं काय होतं ते पाहिलं आहे. एक प्रसंग सांगतो.

कराडच्या पुढे महामार्गावर पहाटे एका गाडीच्या धडकेत बिबट्या मेला. उसाचा पट्टा, तिथं बिबट्याचं काही नवल नाही. मला पाचला फोन आला, पावणेसहाला पोचलो. तोवर तीस-चाळीस माणसं जमलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. डॉक्टर आले, पंच बोलावले, पंचनामा सुरू झाला. बिबट्याच्या पंचनाम्यात नखं एकेक मोजतात. पुढच्या पंजाला पाच, मागच्याला चार, चारी पायांची मिळून अठरा. आमची सतरा भरली. पुन्हा मोजली, सतराच. डाव्या पुढच्या पंजावर आतल्या अंगाला, अंगठ्याच्या जागी, एवढंसं ओलं भोक होतं. दुपारपर्यंत नख सापडलं. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या एका पोराने पकडीने उपटलं होतं. विकायला नव्हे हो. घरात अकरा दिवसांची लेक होती, बारशाला सोन्यात मढवून गळ्यात घालायचं होतं. मुलीला दृष्ट लागू नये म्हणून. ती मुलगी बालवाडीत जायला लागली तरी बापाच्या तारखा चालू होत्या.

त्या पोरावर मला राग नव्हता, आजही नाही. पण मला सांगा, तेच नख सहा महिन्यांनी एखाद्या सराफाच्या कपाटात सापडलं असतं, तर ते अपघातातल्या बिबट्याचं की फासात अडकवून भाल्याने मारलेल्या बिबट्याचं, हे कुणी ओळखलं असतं? डेहराडूनच्या किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवलं तर ते खरोखर बिबट्याचं आहे का, एवढं कळतं. तो कसा मेला हे नख सांगत नाही. 'सापडलेलं' ठेवायला मोकळीक दिली असती तर या राज्यातला प्रत्येक शिकारी 'सापडलं' म्हणाला असता. म्हणून कायद्याने ती वाटच बुजवली आणि वर कलम ५७ ठेवलं: वस्तू तुमच्या ताब्यात आहे एवढं सिद्ध झालं की ताबा बेकायदा आहे असंच धरून चालतात. तसं नाही हे दाखवायचं काम तुमचं. एरवी फौजदारी खटल्यात सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. इथं ते उलटं आहे.

जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली तेव्हा आपण सगळे रांगा लावून पाहून आलो. ती पोलादाची होती म्हणून ठीक. खऱ्या नखाचं लॉकेट गळ्यात घालून टीव्हीवर बसलेल्या कन्नड 'बिग बॉस'च्या स्पर्धकाला ऑक्टोबर २०२३मध्ये कार्यक्रम चालू असतानाच अटक झाली होती. तो काही शिकारी नव्हता.

शिक्षेचं सांगतो, कारण पालकांनी घातलेली भीती अगदीच हवेतली नाही. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. आधीच्या सहा अनुसूच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, आता चार आहेत आणि दंड वाढलेत. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, बिबट्या, खवले मांजर, घोरपड, मोर यांच्याच पंगतीत. या प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. किमान शिक्षा ठरलेली असल्यामुळे असं प्रकरण अधिकाऱ्याच्या पातळीवर पैसे भरून मिटवता येत नाही. हे वाचून हातपाय गाळू नका. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की 'साहेब ओळखीचे आहेत, बोलून घेऊ' हा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

मग करायचं काय? कायद्याला तुमच्या मनातलं दिसत नाही, तर ते कागदावर आणून द्यायचं. आजच एक अर्ज लिहा. साधा, शाळेच्या लेटरहेडवर. अमुक तारखेला इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना अमुक ओढ्यात गव्याची जुनी कवटी मिळाली, त्यांनी ती शाळेत आणली, अभ्यासासाठी म्हणून मी ठेवली, ती शासनाची मालमत्ता असल्याचं मला अमुक तारखेला कळलं, ती ताब्यात घ्यावी. तारीख खरी लिहा. ४८ तास उलटून गेलेत हे खरं आहे, ते लपवायला 'काल सापडली' असं लिहू नका. आठवीतली मुलं कुठल्याही चौकशीत खरं बोलतात, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ठाऊक आहे. मुलांची नावं अर्जात घालायची गरज नाही. अर्जावर मुख्याध्यापकांची सही घ्या. 'तुमचं तुम्ही बघा' हे त्यांना म्हणता येणार नाही, कपाट शाळेचं आहे.

अर्ज दोन प्रतींत करा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख, वेळ अशी पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. साहेब फिरतीवर असतील, तर आवक-जावक बघणारा कारकून असतोच. तुमच्या भागात प्रादेशिक वनविभाग वेगळा आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा वन्यजीव विभाग वेगळा. 'हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा' असं कुणी म्हणालं तर परत फिरू नका, कायदा 'जवळचं पोलीस ठाणं किंवा अधिकृत अधिकारी' इतकंच म्हणतो. सगळं अडलंच तर १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन आहे, तिथं फोन करून तक्रार नोंदवा. कवटी मात्र स्वतः एसटीत घालून नेऊ नका. वाटेत कुणी पाहिली तर तुम्ही वाहतूक करत होता असा अर्थ निघतो. तिला जागेवर राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि वनखात्याच्या गार्डला येऊ द्या, तो पंचनामा करून नेईल.

उशीर झाला म्हणून गुन्हा दाखल होईल का? तो अधिकार अधिकाऱ्याचा आहे, मी इथून हमी देऊ शकत नाही. स्वतः अर्ज घेऊन आलेल्या मास्तरला कोठडीत घातलेलं माझ्या नोकरीत मी पाहिलं नाही. पण तो माझा अनुभव झाला, कायदा नव्हे. मनात धाकधूक असेल तर जायच्या आधी पाटणच्या कोर्टात फौजदारी बघणाऱ्या एखाद्या वकिलाला अर्ज दाखवा.

गार्ड आला की एक काम आवर्जून करा: ओढ्यातली जागा दाखवा. खात्याला कवटीपेक्षा जागा महत्त्वाची. ती जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर तिथून काडी उचलायलाही बंदी आहे. साध्या राखीव जंगलात असेल तरी १९२७चा भारतीय वन कायदा जंगलात मिळालेलं हाड आणि शिंग वनोपजातच धरतो. हे एक झालं. दुसरं म्हणजे गवा कशाने मेला ते कुणाला माहीत आहे? म्हातारपणाने मेला असेल. शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने मेला असेल. कवटीत छर्ऱ्याचं भोक असेल, तुम्ही मागच्या बाजूने पाहिलं का? लाळ-खुरकूत असेल, काळपुळी असेल. या शेवटच्या नावाशी मी थोडा थांबतो. काळपुळी, म्हणजे डॉक्टर ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात तो रोग, गाई-म्हशींना होतो तसा गव्यालाही होतो आणि त्याचे बीजाणू मातीत आणि हाडावर वर्षानुवर्षं जिवंत राहतात. बहुतेक असं काही नसेल. तरी तीनही मुलांच्या आयांना विचारून घ्या, कुणाच्या हातावर काळ्या खपलीचा फोड आला आहे का. आणि तोवर कवटी धुवायचा, घासायचा, वॉर्निश लावायचा उद्योग करू नका.

आता त्या रेघा. तुमच्या पत्रातला तो भाग मी दोनदा वाचला. पटाशीसारख्या दोन-दोन समांतर रेघा ना? ते काम साळिंदराचं. कृंतक, म्हणजे उंदीर-खारीच्या गटातला प्राणी, पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायचे आणि चुना मिळवायचा म्हणून ते रानात पडलेली हाडं-शिंगं रात्री कुरतडत बसतं. बिळाच्या तोंडाशी ओढूनही नेतं. कवटीबरोबर काटे सापडले यात योगायोग काही नाही, तुमच्या मुलांनी साळिंदराचं ताट उचलून आणलं. हे त्यांना वर्गात सांगा. कवटीवर नाव लिहून जेवढं शिकवलं असतं, त्याच्या दुप्पट यात आहे. आणि एखाद्या पोराने 'गव्याने टाकलेलं शिंग' म्हटलं तर दुरुस्त करा. गवा गाई-म्हशींच्या कुळातला, त्याचं शिंग आतून हाड, वरून खोळ, ते जन्मात एकदाच येतं. दरवर्षी गळतात ती सांबर-चितळाची.

काटेसुद्धा अर्जात लिहा. गळालेले असले तरी प्राण्याचा भाग तो भागच. जुन्या काळी सीमंतोन्नयनात, म्हणजे गरोदरपणीच्या संस्कारात, नवऱ्याने साळूच्या काट्याने बायकोचा भांग पाडायचा असा विधी होता, त्यामुळे कुणाकुणाच्या देवघरात अजून एखादा काटा निघतो. मुलांच्या वहीतली मोरपिसं मात्र राहू द्या. गळालेल्या शेपटीच्या पिसाला कायद्याने खरेदी-विक्रीच्या बंधनातून सूट दिली आहे. पेन्सिलीचं टरफल घालून त्याला पिल्लं होतात का, एवढाच प्रश्न उरतो. सुगरणीचा खोपा बैठकीत टांगायची फॅशन आली आहे, तो बाभळीवरच बरा दिसतो.

प्रयोगशाळेचं कपाट रिकामं राहणार याचं वाईट वाटत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नागपूरला उपवनसंरक्षकांमार्फत परवानगी मागता येते. मागून बघा, पण लवकर मिळेल या आशेवर राहू नका. त्यापेक्षा म्हशीची आणि शेळीची कवटी शेजारी शेजारी ठेवा, पाळीव जनावराला हा कायदा लागत नाही. दातांची रचना, शिंगाची खोळ, डोळ्यांची खोबण, सगळं तेच शिकवता येतं. आणि पावसाळा सरला की ओढ्याकाठच्या ओल्या मातीतले गव्याचे खूर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतून काढा. ठसा कुणाच्या मालकीचा नाही.

आता मामांचं शिंग. इथं मला जास्त जपून बोलावं लागेल, कारण प्रश्न कायद्याइतकाच घराचा आहे.

'कायद्याच्या आधीचं आहे' यात अर्धं खरं आहे. आधीच्या वस्तू ठेवता येत होत्या, पण जाहीर करून आणि मालकीचा दाखला घेऊन. कायदा आला तेव्हा एक संधी होती. ती हुकलेल्यांसाठी २००३ साली एप्रिलपासून १८० दिवसांची दुसरी खिडकी उघडली होती. तेव्हा आबांनी, म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांनी, किंवा मामांनी अर्ज केला होता का? जुन्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या भेंडोळ्यात, शेतसाऱ्याच्या पावत्यांत शोधा. खात्याचा शिक्का असलेला कागद निघाला तर मामा बरोबर, शिंग वारसाने त्यांच्याकडे आलं. तरीही वारसाने आलेली वस्तू ९० दिवसांत कळवायची असते, ते राहिलं असेल तर वकिलाकडून दुरुस्त करून घ्या. कागद आहे पण शिंग नको झालंय, तर कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ते शासनाकडे जमा करायची सोय नव्या दुरुस्तीत आहे. मोबदला मिळत नाही.

कागद निघालाच नाही तर ते आजच्या तारखेला विनादाखला आहे, मग ते पन्नास वर्षं भिंतीवर असो की शंभर. अधिकारी आधी काय बघतो तेही सांगतो, म्हणजे मामांशी बोलताना उपयोगी पडेल. पाटीवरून शिंगाचं बूड पाहा. गळून पडलेल्या शिंगाचं बूड गोल, खडबडीत, जरासं फुगीर असतं. दोन शिंगं कवटीच्या हाडाच्या तुकड्याने जोडलेली असतील तर ती गळालेली नाहीत, मेलेल्या जनावराच्या डोक्यावरून कापलेली आहेत. गळालेलं असलं म्हणून ठेवता येतं असं नाही, पण वकिलाला हा फरक आधी सांगावा लागतो. या प्रकरणात वनखात्याच्या आधी वकील, हा क्रम शाळेच्या कवटीपेक्षा उलटा ठेवा. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच अर्जात घालू नका. शाळेची बाब शाळेची, घरची घरची.

मामांना कायदा सांगायला तुम्ही जाऊ नका. सुनेने माजघरातल्या भिंतीकडे बोट दाखवलं की विषय शिंगाचा राहत नाही. तुमच्या मिस्टरांना बोलू दे, आणि त्यांनीही 'आबा शिकारी होते' इथून सुरुवात करू नये. त्या काळी परवाने मिळत, शिकार ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आबांनी काही चोरी केली नाही. पण उद्या झडती झाली तर पंचनाम्यावर नाव आबांचं येणार नाही, घराचा कर्ता म्हणून मामांचं येईल, हे त्यांना मुलाच्या तोंडून ऐकू दे. द्यायच्या आधी भिंतीसकट एक चांगला फोटो काढून घ्या, आबांचा फोटो शेजारी असेल तर दोन्ही एकत्र.

सहाणेपाशी असलेला तुकडा सासूबाईंना लहान वाटेल, मिरीएवढा झिजलेला असेल. कायद्यात वजनाची अट नाही. त्यांच्या बरगडीला गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टर दोन्ही पाटणात मिळतात. सहाण मात्र त्यांचीच राहू द्या, तिच्यावर चंदन उगाळता येईल. तुकडा कागदात गुंडाळून भिंतीवरच्या शिंगाशेजारी ठेवा, वकिलाला दाखवायचा तेव्हा दोन्ही एकदमच दाखवा.